मालक चांगला आहे, मग संघटना कशाला?

(कामगारविषयक अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय अनेकांना मुळातच अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. कारखान्यातील कामगाराला संघटना हवी, हे आता कोणी नाकारीत नाही. परंतु कापडाच्या दुकानात, किराणा मालाच्या पेढीवर, औषधाच्या दुकानात किंवा मॉलमध्ये उभे राहून विक्री करणाऱ्या माणसाचा विषय निघाला, की एक ठरलेले उत्तर येते. 'अहो, आमच्याकडे ती गरजच नाही. आमचा माणूस घरच्यासारखा आहे.'

हे उत्तर बहुधा खोटे नसते. वीस-पंचवीस वर्षे एकाच पेढीवर राहिलेला गुमास्ता, त्याच्या मुलीच्या लग्नात मांडवात उभे राहिलेले शेठजी, आजारपणात न मागता पुढे केलेली उचल, दिवाळीला पगाराइतकी रक्कम आणि वर मिठाईचा पुडा, ही दृश्ये महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाजारपेठेत आढळतात. त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. व्यवहारात माणुसकी जपणारा व्यापारी हे आपल्या समाजाचे भूषणच आहे. म्हणून आज वाईट मालकाची चर्चा करायचीच नाही. जिथे मालक खरोखरच चांगला आहे, तिथे संघटना लागते का, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाची परीक्षा पाहणारी एक घटना अमेरिकेत घडली. कॉस्टको हे तिथल्या प्रचंड घाऊक-किरकोळ दुकानांचे नाव. अमेरिकेतील किरकोळ विक्रीचा धंदा तुटपुंज्या वेतनासाठी बदनाम आहे. त्यात ही कंपनी अपवाद मानली जाते. चांगले वेतन, आरोग्यविमा, खालच्या जागेवरून वर चढण्याची संधी यामुळे तिथे लागलेला माणूस सहसा सोडून जात नाही. शेअर बाजारातले विश्लेषक तर एके काळी कुरकुरत, की ही कंपनी भागधारकांपेक्षा नोकरांचीच अधिक काळजी घेते! अशा कंपनीच्या व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथील दुकानातल्या कामगारांनी डिसेंबर २०२३ मध्ये बहुमताने 'टीमस्टर्स' या कामगार संघटनेत जाण्याचा निर्णय घेतला.

अशा वेळी अमेरिकेतली कंपनी काय करते? वकील नेमते, कामगारांच्या सभा घेऊन त्यांना घाबरवते, निकालाला आव्हान देते. कॉस्टकोचे मावळते मुख्याधिकारी क्रेग जेलिनेक आणि नवे मुख्याधिकारी रॉन वॅक्रिस यांनी वेगळेच केले. त्यांनी सर्व कर्मचाऱ्यांना उद्देशून पत्र काढले. निकालाने आपण निराश झालो आहोत, पण ती निराशा कामगारांविषयी नसून स्वतःविषयी आहे, असा त्याचा आशय होता. आपल्या माणसांपैकी बहुसंख्यांना संघटनेची गरज वाटावी, हे व्यवस्थापक म्हणून आपले अपयश आहे, अशी कबुली त्यांनी दिली.

पत्र सौजन्यपूर्ण आहे आणि त्या देशात दुर्मिळही आहे. तरीही त्यात एक गृहीतक दडलेले आहे. मालक पुरेसा चांगला असता तर संघटनेची गरज वाटलीच नसती, म्हणजे संघटना हा रोगाचा पुरावा, असे ते गृहीतक. आपल्याकडचा शेठजी जे म्हणतो, तेच हे अमेरिकी मुख्याधिकारी अधिक नम्रपणे म्हणत आहेत. नेमके हेच गृहीतक तपासून पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी याच धंद्याचा पूर्वेतिहास उपयोगी पडतो.

कॉस्टकोची परंपरा सोल प्राइस नावाच्या एका वकिलापासून सुरू होते. त्याने १९५४ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे 'फेडमार्ट' हे दुकान काढले. नोकरांना चांगले वेतन द्यावे आणि ग्राहकाला वाजवी भावात माल द्यावा, ही त्याची निष्ठा होती. जिम सिनेगल हा विद्यार्थीदशेतला मुलगा त्याच्याकडे गाद्या उतरवून घेण्याच्या कामावर लागला आणि धंदा शिकला. पुढे १९८३ साली कॉस्टको स्थापन करणाऱ्या दोघांपैकी हा एक. परंतु मधल्या काळात काय झाले? सोल प्राइसने १९७५ साली कंपनीतील मोठा हिस्सा एका जर्मन व्यापाऱ्याला विकला आणि थोड्याच काळात त्या नव्या मालकाने सोल प्राइसलाच त्याच्या कंपनीतून बाहेर काढले. १९८२ साली फेडमार्ट बंदही पडली. कामगारांचा भला मालक एका सकाळी स्वतःच बेकार झाला होता! त्याने पुढच्याच वर्षी 'प्राइस क्लब' काढून नवे यश मिळवले, ही त्याची हिकमत. त्याच्या भलेपणाच्या भरवशावर फेडमार्टमध्ये आयुष्य काढलेल्या विक्रेत्यांजवळ अशी हिकमत कुठून असणार?

चांगुलपणा हा व्यक्तीचा गुण आहे. तो दुकानाबरोबर विकला जात नाही आणि मुलाकडे वारशाने जाईलच असेही नाही. आपल्याकडे थोरल्या शेठजींनंतर धाकट्या शेठजींच्या हाती गल्ला आला, की जुन्या माणसाला पहिल्या आठवड्यातच हे कळून चुकते.

प्राइस क्लब १९९३ साली कॉस्टकोत विलीन झाले, तेव्हा त्याच्या काही दुकानांतून आधीपासून असलेली टीमस्टर्स संघटनाही नव्या कंपनीत आली. आज तिचे अठरा हजारांच्या आसपास सभासद कॉस्टकोत आहेत. जानेवारी २०२५ च्या अखेरीस त्यांच्या कराराची मुदत संपत होती, संपाच्या बाजूने प्रचंड बहुमत झाले होते, आणि ऐनवेळी समझोता होऊन संप टळला. त्याच सुमारास कंपनीने संघटनेबाहेरच्या कामगारांचेही वेतन वाढवले आणि वरच्या श्रेणीतील बहुतेकांचा ताशी दर तीस डॉलरच्या पुढे गेला. हा योगायोग मानायचा की काय, हे ज्याने त्याने ठरवावे. शेजारच्या दुकानात संघटना असली, म्हणजे संघटना नसलेल्या दुकानातल्या मालकाचा चांगुलपणाही टिकाऊ होतो, असे म्हणायला जागा आहे.

अमेरिकाच कशाला? जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस लागू झाला, तो देशात तसा कायदा येण्याच्या कितीतरी आधी. टाटांइतका दूरदृष्टीचा उद्योगपती त्या काळी शोधून सापडला नसता. तरीही १९२० साली तिथे संप झाला, कामगारांची संघटना उभी राहिली, आणि १९२८ साली तिचे अध्यक्षपद स्वीकारले ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी. टाटा वाईट होते म्हणून नेताजी तिथे गेले नाहीत. मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसायचे, तर कामगाराच्या बाजूलाही कोणीतरी बसलेले हवे.

इथे कोणी म्हणेल, हा सारा संघर्षाचा पाश्चात्त्य विचार झाला. आपली कल्पना कुटुंबाची आहे. जरूर आहे. पण कुटुंबाचा विचार अर्धवट करून चालणार नाही. हिंदू एकत्र कुटुंबात प्रेम होते म्हणून हक्क नव्हते असे नाही. मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा होता आणि वडील प्रेमळ आहेत म्हणून तो कमी होत नव्हता. मुलींवर तर वडिलांचे प्रेम काकणभर अधिकच. तरीही त्यांना समान वाटा देण्यासाठी महाराष्ट्रात १९९४ साली आणि सर्व देशात २००५ साली कायदा करावा लागला. त्यामुळे बापलेकींचे नाते तुटले काय? दुकानातला माणूस घरचा आणि 'घरच्यासारखा' यांत अंतर आहे ते 'सारखा' या एका शब्दाचे. घरच्याला हिशेब विचारता येतो, घरच्यासारख्याला विचारता येत नाही.

मध्यमवर्गीय घरांत 'युनियन' या शब्दाची जी धास्ती आहे, ती मात्र निराधार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या संसारांची जी वाताहत झाली, ती पाहिलेली पिढी आजही आपल्यात आहे. नेत्याचा अहंकार, गिरणीमालकांचा निबरपणा आणि सरकारची बेपर्वाई यांच्या चरकात कामगार पिळून निघाला. परंतु त्याच मुंबईत आणि त्याच काळात संघटनेचा दुसरा विचारही उभा होता. वर्धा जिल्ह्यातील आर्वीला जन्मलेले दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी, लोकमान्य टिळकांच्या जयंतीदिनी, भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. संघटना कोणत्याही राजकीय पक्षाची शेपटी नसावी, संप हे अखेरचे शस्त्र असावे, 'देश के हित में करेंगे काम, काम के लेंगे पूरे दाम' ही कामगाराची भूमिका असावी, हा तो विचार. या घोषणेचा पूर्वार्ध आपल्या कार्यक्रमांतून उत्साहाने उच्चारला जातो. उत्तरार्धाच्या वेळी मात्र दुकानदार मंडळींचा आवाज किंचित खाली जातो, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. उद्योग हे कुटुंब मानणाऱ्या दत्तोपंतांनी त्या कुटुंबातला श्रमिक मुका राहावा, असे कधीही सांगितले नाही. उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा, म्हणजे कामगाराला उद्योगाच्या कारभारात आणि मालकीत स्थान देण्याचा त्यांचा आग्रह होता.

संघटना नसली म्हणजे काय राहून जाते? केरळचे उदाहरण बोलके आहे. कोझिकोडच्या मिठाई तेरूवू या गजबजलेल्या बाजारातील कापड दुकानांत विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर बसण्यास मनाई होती. गिऱ्हाईक नसतानाही उभेच राहायचे. स्वच्छतागृहाची सोय नाही, म्हणून कित्येक जणी पाणी पिणेच टाळत. यातले बरेच मालक दुष्ट नसावेत. पगार वेळेवर देणारे, सणाला साडी देणारेही त्यांत असतील. त्यांना ही गोष्ट दिसलीच नाही, आणि एकटीने सांगण्याची कोणाची छाती नव्हती. कामगार चळवळीचा एवढा गाजावाजा असलेल्या त्या राज्यात प्रस्थापित संघटनांनाही ती दिसली नव्हती. शेवटी पी. विजी या शिंपीकाम करणाऱ्या स्त्रीने या महिलांना एकत्र केले, आणि २०१८ साली केरळने दुकान कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला. तामिळनाडूने २०२१ साली तेच केले. एका स्टुलासाठी दोन राज्यांना कायदा करावा लागला!

महाराष्ट्रात १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा, ज्याला बाजारात 'गुमास्ता कायदा' म्हणत, जाऊन २०१७ चा नवा कायदा आला. त्याने नियमांचा मुख्य भार दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर ठेवला. २०२५ साली ही मर्यादा वीसवर गेली आणि दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा झाले. व्यापाऱ्याचा जाच कमी व्हावा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण चार-पाच माणसांच्या दुकानात त्याचा अर्थ एवढाच, की तिथल्या नोकराच्या पाठीशी मालकाच्या स्वभावाखेरीज फारसे काही उरले नाही. बोनसचेही तसेच. वीस माणसे असली तर किमान ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा हक्क. त्याहून कमी असली तर तीच रक्कम शेठजींची मर्जी.

चार माणसांच्या दुकानात संघटना कशी करणार, ही अडचण खरी आहे. नोंदणीलाच किमान सात सभासद लागतात. त्याचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वी शोधलेले आहे. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या हमालाला एक मालक कधीच नव्हता. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ, मालकांनी मजुरीबरोबर मंडळाकडे भरायची लेव्ही, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधोपचार. या व्यवस्थेत पुढे दोष शिरले, बोगस टोळ्यांच्या तक्रारी झाल्या, हे खरे. पण कल्पना भक्कम आहे. एका बाजारपेठेतील सर्व दुकानांच्या नोकरांचे असे एक मंडळ का होऊ नये? २०२० च्या टाळेबंदीत कित्येक सज्जन दुकानदारांनी महिना-दोन महिने पगार दिले आणि मग त्यांचेच हात रिकामे झाले. अशा वेळी मंडळाचा निधी दोघांच्याही कामी आला असता.

राहता राहिली व्यापारी बंधूंची शंका, की संघटनेने बाजारात कटुता येईल. या बंधूंना संघटना नवी नाही. प्रत्येक पेठेत व्यापारी संघ आहे, शहराचा महासंघ आहे, राज्याचा आहे. २०१३ साली स्थानिक संस्था करासाठी कोणा सज्जन अधिकाऱ्याच्या भरवशावर हे संघ थांबले नाहीत. ठिकठिकाणी आठवडेच्या आठवडे दुकाने बंद ठेवून त्यांनी सरकारला चर्चेला बसवले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेकांची त्या करातून सुटका झाली. त्या बंदच्या दिवसांतही दुकानातली माणसे सकाळी येऊन उतरवलेल्या शटरसमोर उभी राहत. त्या दिवसांचा पगार त्यांना मिळणार की नाही, याची चर्चा मात्र कोणत्याही बैठकीत झाली नाही. ज्याचा त्याचा शेठ जसा होता, तसे ते ठरले.