ओटीपोटाचे दुखणे आणि एक पडदा



गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग, पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. नसबंदीची उद्दिष्टे घेऊन त्या काळी घरोघर फिरणाऱ्या सरकारी यंत्रणेला हे दिसले नव्हते!

त्या रोगांत ओटीपोटाचा दाहही होता. त्याचे निदान कोणत्याही एका चाचणीने होत नाही; सोनोग्राफी निर्दोष आली तरी रोग असू शकतो. गर्भ, विशेषतः नलिकेतील गर्भ, नाही याची खात्री करून डॉक्टरने आतून तपासावयाचे. गर्भाशयमुख हलविताना अथवा गर्भाशयाच्या बाजू दाबताना दुखले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर उपचार तत्काळ सुरू करावयाचे. विलंबाने नलिका बंद होऊन वंध्यत्व येऊ शकते. आणि ‘वांझ’ म्हणून हिणवली जाते तीच.

याला लागते काय? प्रशिक्षित हात, हातमोजे, टेबल, पडदा आणि शक्यतो स्त्री-डॉक्टर. मजुरी बुडवून तालुक्याला जाणे शेतमजूर बाईला परवडत नाही. आरोग्य केंद्राची पाहणी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी औषधांच्या कपाटाआधी तो पडदा आहे का, ते पाहावे.