‘आम्ही’ म्हणतंय कोण?

(कवठे येमाई येथील बैठकीत केलेले भाषण)



घोड नदीच्या उगमाकडच्या डोंगरगावांतून तुम्ही इथं आलात ते जमिनीसाठी. मग कविता कशाला? तर कविता वाचताना एक बघायची सवय लागते: बोलतंय कोण, आणि कोणाबद्दल?

वाहरू सोनवणे हे भिल्ल कवी, शहाद्याच्या श्रमिक संघटनेतले कार्यकर्ते. त्यांच्या ‘स्टेज’ कवितेत सभा भरलीय. ज्यांचं दुःख ते खाली बसलेत, आणि ते दुःख सांगणारे भलतेच, वर चढलेत. शब्द अगदी रोजचे. सगळा भार ‘आम्ही’ आणि ‘ते’ या दोन शब्दांवर.

आता फॉरेस्टचा कागद तसाच वाचा. त्यात ‘अतिक्रमण’ लिहिलंय. आपण म्हणतो, ‘आजानं फोडलेलं वावर’. जमीन एकच, पण त्यांच्या शब्दात आपण चोर, आपल्या शब्दात कसणारे. कथा-कादंबरीतही हेच तपासा: आदिवासी नुसता नाचतो, की स्वतःचं म्हणणं मांडतो?

2006 च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. दावेदार सोडून इतर जाणत्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. तो साहेबी भाषेत लिहू नका. म्हातारी बोलते तसाच लिहा: ओढ्याचं नाव, हिरड्याचं झाड, नाचणी पेरलेला उतार. मग तिला वाचून दाखवा. ‘हे माझंच बोलणं’ असं ती म्हणाली, तरच अंगठा घ्या.

जिंदाबाद!