धांवण्यापूर्वींचे सहा दिवस

धांवण्याविषयीं बोलण्यासाठीं आकाशवाणीनें एका सेवानिवृत्त शिक्षकास बोलवावें, यांत थोडा विनोद आहे. शाळेच्या पडवींत धांवणाऱ्या मुलास अंगठे धरून उभें करणें हें आम्हां शिक्षकांचें नित्यकर्म. तीं मुलें आतां चाळिशी-पन्नाशीचीं झालीं, आणि त्यांच्या देखत त्यांचे गुरुजी जळगांवच्या रस्त्यांवरून धांवूं लागले. काळानें उगविलेला हा सूडच म्हणावयाचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षीं नोकरी संपली. त्यानंतर मेहरुण तलावाच्या कांठीं पहांटे फिरावयास जाऊं लागलों. फिरण्याचें जलद चालणें झालें आणि जलद चालण्याचें धांवणें केव्हां झालें तें कळलेंही नाहीं. 'खान्देश रन' सारख्या शर्यती भरूं लागल्यापासून आमच्या शहराच्या थंडीच्या पहांटांना निराळेंच रूप आलें आहे. वकील, कारकून, गृहिणी, कॉलेजांतलीं मुलें, सारीं रस्त्यावर. अशा एका शर्यतींत एकवीस किलोमीटर धांवण्याचें मीं ठरविलें. आदल्या वर्षीं तें अंतर पावणेतीन तासांत पुरें केलें होतें, त्यामुळें मनांत थोडा ताठाही होता.

हें अंतर खरें म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. पूर्ण मॅरेथॉनच्या बरोबर निम्में. १९०८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून क्रीडांगणांत राजघराण्याच्या आसनांपुढें संपावी असें ठरलें, त्यामुळें ४२ किलोमीटर १९५ मीटर हा विचित्र आंकडा जन्मास आला आणि १९२१ सालीं तोच कायम झाला. मूळ कथा मात्र ग्रीसची, इसवी सनापूर्वीं ४९० मधली. 'आपण जिंकलों' असें सांगून प्राण सोडणारा दूत आपण पाठ्यपुस्तकांत वाचला. त्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या हिरोडोटसच्या ग्रंथांत असा दूत नाहीं. तो पुष्कळ शतकांनंतरच्या लेखकांनीं आणला. हिरोडोटस सांगतो तें असें कीं, लढाई जिंकल्यावर शत्रूचीं गलबतें अथेन्सकडे निघालेलीं पाहून तें लढून थकलेलें सैन्य पायांत बळ असेल तितक्या वेगानें शहराकडे परतलें आणि शत्रूच्या आधीं पोंचलें. म्हणजे आधीं काम, मग दौड. मला ही गोष्ट फार आवडते, आणि तिनेंच मला फसविलें.

झालें असें. शर्यतीच्या आधींच्या आठवड्यांत चोपडा तालुक्यांत मोतीबिंदूचें शिबिर होतें. स्वयंसेवक कमी पडत होते, म्हणून मीं सहा दिवसांचा शब्द दिला. माझ्या एकवीस जुन्या विद्यार्थ्यांनीं या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. गुरुजी जेवढे किलोमीटर धांवतील तेवढ्या रुग्णांच्या चष्म्यांचा खर्च आम्हीं उचलावा, प्रत्येकानें एक किलोमीटर आपल्या नांवावर घ्यावा, असा त्यांचा बेत. परोपकारार्थ धांवण्याची ही चाल आपल्याकडे विशेषतः २००४ सालीं सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमुळें रूढ झाली आहे. मला बेत आवडला. माझ्या पायांना एकदम किंमत आली.

पहिले तीन दिवस सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवांतून आणि पाड्यांवरून तपासणी. पूर्वीं शाळेच्या वर्गांतच टेबलें मांडून शस्त्रक्रिया होत; आतां रुग्ण निवडून इस्पितळांत आणतात आणि तेथेंच डोळ्यांतलें गढुळलेलें भिंग काढून कृत्रिम भिंग बसवितात. पुढचे तीन दिवस तें काम. शस्त्रक्रिया डॉक्टरांची, पण तिच्या मागेंपुढें जें असतें तें आमचें. म्हाताऱ्या माणसांना हात धरून न्यावयाचें, दर कांहीं वेळानें डोळ्यांत थेंब घालावयाचे, डोळा चोळूं नका, वांकूं नका, डोक्यावरून पाणी घेऊं नका, हें शंभर वेळां सांगावयाचें, घाबरलेल्यांची समजूत घालावयाची, पंगत वाढावयाची आणि उरली तर खिचडी उभ्यानेंच खावयाची. त्यांत एका कार्यालयानें ऐन वेळीं अर्जाचा नमुना बदलला. दोनशेंच्या वर अर्ज आम्हीं तिघांनीं दोन रात्रींत पुन्हां लिहिले. आठवडाभर मी रात्रीं चार तासांहून अधिक निजलों नाहीं. तक्रार नाहीं, उलट त्या दिवसांत मला स्वतःविषयीं फार चांगलें वाटत होतें. हें चांगलें वाटणें जरा जपून घ्यावें, असें आतां वाटतें.

एक आजीबाई मला सबंध आठवडा 'पोऱ्या' म्हणत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळें तिला माझा फक्त आवाज दिसे, असें म्हणा ना. शिकवून शिकवून माझा आवाज खणखणीत राहिला आहे. तिची शस्त्रक्रिया शनिवारीं झाली आणि पट्टी रविवारीं सकाळीं सुटावयाची होती. निघतांना मी सांगावयास गेलों तर तिनें विचारलें, सकाळीं तूं असशील ना? मीं म्हटलें, नाहीं आजी, मला जळगांवला धांवावयाचें आहे. "कोणी मागे लागलें आहे काय तुझ्या?" असें तिनें विचारलें. आजूबाजूच्या खाटांवरचीं माणसें हंसलीं. मीही हंसलों.

शनिवारीं रात्रीं घरीं पोंचलों तों धुळ्याहून फोन. माझा एक विद्यार्थी तेथें डॉक्टर आहे. सतरावा किलोमीटर त्याच्याच नांवावर होता. आठवड्याची हकीकत ऐकून तो म्हणाला, "गुरुजी, उद्यां धांवूं नका."

मीं त्याला इतिहास सांगितला. १९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्यावर सर दोराबजी टाटांनीं शेतकरी वर्गांतले तरुण अनवाणी धांवतांना पाहिले, त्यांतून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले, आणि बेळगांवच्या फडेप्पा चौगुले यांनीं तेथें मॅरेथॉनमध्यें एकोणिसावा क्रमांक मिळविला. ती शर्यत नेहमींहून लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची होती, आणि त्यांनीं ती दोन तास एकावन्न मिनिटांच्या आंत पुरी केली. मीं म्हटलें, शेतांत राबणाऱ्यांच्या पायांनीं हा पराक्रम केला. मी तर नुसते अर्ज लिहिले.

तो म्हणाला, "ते तरुण होते, गुरुजी. आणि शेतांत राबलेला माणूस रात्रीं झोंपतो. तुम्ही झोंपलां नाहीं." मग त्यानें माझेंच अस्त्र माझ्यावर टाकलें. "तुम्हीच आम्हांला सहलीला धुळ्याच्या तुरुंगापाशीं नेलें होतें. १९३२ सालीं विनोबांनीं तेथें दर रविवारीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, हें सांगून सहाव्या अध्यायांतलें आहारनिद्रेचें प्रमाण तुम्हीच समजावलें होतें. फार जागणाऱ्यासही योग नाहीं म्हणून." मी गप्प बसलों. भूदानासाठीं वर्षानुवर्षें पायीं फिरलेला तो माणूस रात्रीं लौकर निजे आणि पहांटे तीनला उठे, हेंही मीं त्याच सहलींत सांगितलें होतें. विद्यार्थ्यांना नको तेव्हां नेमकें आठवतें.

अखेर तडजोड झाली. तो पहांटेच निघून पारोळा-एरंडोलवरून जळगांवला यावयाचा आणि माझ्याबरोबर धांवावयाचा. वाटेंत तो मला पाढे विचारील. चुकलों कीं थांबावयाचें. डोकें गोंधळणें हें साध्या थकव्याचें लक्षण नव्हे, धोक्याचें आहे, असें त्याचें म्हणणें. पाढ्यांत मी चुकेन हें मला शक्यच वाटत नव्हतें, म्हणून मीं तत्काळ मान्य केलें.

पहांट सुरेख होती. गारठा, किंचित् धुकें, आणि वांगीं भाजण्याचा वास कोठूनसा. पहिले पांच किलोमीटर इतके सहज गेले कीं मीं डॉक्टरकडे विजयी मुद्रेनें पाहिलें. दहाव्याला त्यानें दिडकी विचारली. "नऊ दिडें?" "साडेतेरा!" तेराव्याला औटकी. "सात औटें?" "साडेचोवीस." पण या वेळीं उत्तर आंतून वर येण्यास थोडा वेळ लागला, हें माझें मला कळलें.

चौदाव्यानंतर पाय माझे राहिले नाहींत. दम लागला नव्हता, छाती शांत होती. पण प्रत्येक पाऊल कोणाकडून तरी उसनें आणल्यासारखें पडूं लागलें. याचें कारण डॉक्टरनें मला मागाहून सांगितलें, तें येथेंच सांगतों. आपल्या स्नायूंत आणि यकृतांत मिळून साधारण चारशें ते पांचशें ग्रॅम साखर सांठविलेली असते. लांब धांवण्याचें मुख्य भांडवल तें. तें आदल्या दोन दिवसांच्या जेवणानें भरतें. माझें जेवण उभ्यानें झालेलें. वाटेंत मीं आपल्या रावेर-यावलचें एक केळें खाल्लें. पण मध्यम केळ्यांत पंचवीसेक ग्रॅमच पिष्ट-शर्करा असते, तेवढ्यानें रिकामी कणगी भरत नाहीं.

दुसरें कारण मला अधिक नवलाचें वाटलें. २००९ सालीं वेल्समधील बँगोर येथील विद्यापीठांत एक प्रयोग झाला. सोळा माणसांना एकदां दीड तास डोक्याला शीण देणारें काम करावयास लावलें आणि मग पाय थकेपर्यंत सायकल चालविण्यास बसविलें; दुसऱ्या दिवशीं तेवढाच वेळ नुसता चित्रपट दाखवून तीच सायकल. डोकें शिणलेलें असतां माणसें लौकर थांबलीं. हृदय आणि फुप्फुसें यांच्या कामांत तसा फरक नव्हता. तेवढेंच श्रम त्यांना अधिक जड वाटत होते. झोंप अपुरी असली म्हणजेही असेंच होतें. म्हणजे माझे दोनशें अर्ज माझ्या गुडघ्यांत उतरले होते! ज्यास आपण नुसतें बैठें काम म्हणतों, समजूत घालणें, लिहिणें, लक्ष ठेवणें, त्याचाही हिशोब पाय ठेवतात. घरांत आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बायका 'कांहीं केलें नाहीं तरी अंग मोडून आलें' म्हणतात, तेव्हां आपण पुरुष मंडळी हंसतों. मी तरी हंसत असें.

सतराव्या किलोमीटरची पाटी दिसली. अंगावर कांटा येत होता, आणि घाम असतांना थंडी वाजत होती. डॉक्टरनें विचारलें, "गुरुजी, सतरा सत्ते?"

श्रोतेहो, हा पाढा मीं हजारों मुलांकडून घोकून घेतला आहे. मीं म्हटलें, "एकशें नऊ."

तो थांबला. मीही थांबलों. एकशें एकोणीस हें उत्तर मला रस्त्याकडेच्या ओट्यावर बसल्यावर, पाणी प्यायल्यावर आठवलें. तेव्हां मला जें वाटलें तें सांगावयास संकोच वाटतो. चार चष्मे राहिले, असें मीं म्हटलें. पण मनांत चष्मे नव्हते, संपण्याच्या रेषेपाशीं उभीं असलेलीं ओळखीचीं माणसें होतीं. डॉक्टर म्हणाला, "गुरुजी, एकवीसही जणांचे पैसे शुक्रवारींच जमा झाले. तुम्हांला सांगावयाचें नाहीं असें ठरलें होतें." हें ऐकून मला आनंद व्हावयास हवा होता. मला राग आला. मग मीं धांवून काय केलें? माझ्या पायांची किंमत ती काय राहिली? तो कांहीं बोलला नाहीं. माझ्या बुटांच्या नाड्या सोडीत बसला. त्याला मीं एकदां अंगठे धरावयास लावले होते, तें मला तेव्हां आठवलें.

घरीं येऊन मी अकरा तास झोंपलों. हिनें दोनदां श्वास चालू आहे ना तें पाहिलें म्हणे. माझ्या नांवापुढें त्या दिवशींच्या यादींत वेळ नाहीं. दुसऱ्या दिवशीं कांहींजणांनीं सहानुभूति दाखविली, ती मात्र धांवण्याहून जड गेली.

पुढच्या रविवारीं रुग्णांची फेरतपासणी होती. मी गेलों, या वेळीं रात्रभर झोंपून आणि वरण-बट्टी नीट बसून जेवून. रांगेंत आजीबाई होती. मीं तिच्या डोळ्यांत थेंब घालण्यासाठीं नेहमींच्या आवाजांत म्हटलें, "आजी, वर बघा." तिनें आवाज ओळखला, वर बघितलें, आणि नव्या डोळ्यानें माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"अरे भाऊ," ती म्हणाली, "तू ते म्हतारा शे!"