एक पट्टी, दोन वारंवारता

भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांचा संकेत ११७६.४५ मेगाहर्ट्झवर येतो. २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून १५७५.४२ वरही येऊ लागला. मायक्रोस्ट्रिप अँटेनाची तांब्याची पट्टी मात्र आपल्या लांबीनुसार एकाच वारंवारतेला साद देते. मच्छीमाराच्या होडीवरील छोट्या यंत्रात दोन पट्ट्यांना जागा कोठली? व्हॅरॅक्टर डायोड जोडल्यास व्होल्टेजसरशी धारकता बदलते, वारंवारता सरकते.

खरी कसोटी ध्रुवणाची. उपग्रहाची लहर उजव्या वळणाने फिरत येते. सरळ ध्रुवणाची पट्टी तिची निम्मीच शक्ती टिपते. डाव्या वळणाची तर जवळजवळ काहीच नाही! चौरसाचे समोरासमोरचे कोपरे छाटले की वळण साधते. पिन डायोडने तेच कोपरे हवे तेव्हा जोडता-तोडता येतात. पण प्रत्येक डायोड थोडी शक्ती गिळतो आणि उपग्रहाचा संकेत मुळातच क्षीण असतो. म्हणून रचनाकार डायोड मोजूनमापूनच बसवतो.