कृमी आला कोठून?



माशाचे पोट चिरले असता आत कधी कधी कृमी आढळतो. “हा येथे कसा आला?” असे मुलाने विचारल्यास “घाणीतून आपोआप झाला” असे सांगून मोकळे होणे सोपे असते. परंतु ते उत्तर असत्य आहे, आणि त्यामुळे मुलाची जिज्ञासाही तेथेच मावळते.

युरोपच्या सागरात आपल्या बांगड्याच्या कुळातील मॅकरेल नावाचा मासा आहे. त्याच्या पोटात ओपेकोना बॅसिलॅरिस नावाचा बारीक, चपट्या कृमींच्या वर्गातील परजीवी राहतो. त्याची अंडी विष्ठेबरोबर समुद्रात पडतात. पुढील बाल्यावस्था तळाशी राहणाऱ्या एका छोट्या गोगलगाईच्या शरीरात जाते. तेथे त्याच्या डिंभांची संख्या वाढते व ते शेपटीच्या साहाय्याने पोहत बाहेर पडतात. गोगलगाय तळाशी आणि मॅकरेल वरच्या पाण्यात विहरणारा. मग ही दरी सांधतो कोण?

प्रवाहाबरोबर वाहत जाणारे प्लवक प्राणी! लहान जेलीफिश, बाणकृमी यांसारख्यांच्या शरीरात डिंभ शिरतो, शेपटी टाकून देतो आणि वाट पाहत राहतो. मॅकरेलने तो प्राणी गिळला की कृमी आपल्या अखेरच्या घरी पोहोचतो व तेथे प्रौढ होतो. हे प्लवक बहुधा पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्याच्या अंगातील कृमीही दिसू शकतो.

इंग्लंडमधील प्लिमथ येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मारी लेबूर यांनी जेलीफिशच्या अंगातील अशा बालकृमींविषयी 1916 मध्ये लिहिले. गोगलगाईपासून माशापर्यंतचे जीवनचक्र डेन्मार्कच्या मारिआन कोई यांनी 1975 मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. मध्ये 59 वर्षे लोटली. एका बारीकशा कृमीची वाट शोधण्यास शास्त्रज्ञांना इतका काळ लागतो, तर मुलाच्या प्रश्नाला एका वाक्यात निकालात काढण्याची घाई शिक्षकाने का करावी?

फळ्यावर अन्नसाखळी काढताना प्लवकाकडून माशाकडे आपण बाण काढतो. त्या बाणावरून अन्न जाते, तसा परजीवीही जातो, हे मुलांना अवश्य सांगावे. उत्तर ठाऊक नसेल तेव्हा “आपण मिळून शोधू” असे म्हणण्यात शिक्षकाला कमीपणा नाही. खऱ्या विज्ञानशिक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.