काम नसताना नदीवर जाऊ या



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण आज बोलणार आहे नदीकाठी निवांत फिरण्याबद्दल.

आपली तापी ७२४ किलोमीटर वाहते. मुमताज महल १६३१ मध्ये जिथे वारली, ते बुऱ्हाणपूर तापीकाठचंच. पुढे आपलं सारंगखेडा, मग प्रकाशा. तिथे गोमाई मिळते. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. शेवटी सुरत. हजची जहाजं तिथून सुटत. यात्रेकरूंसाठी १६४४ मध्ये बांधलेली मुघलसराय आज सुरत महापालिकेचं मुख्यालय आहे. इतक्या साऱ्यांची ही नदी. तिच्या काठावर आपण पाहुणे कसे?

तरी संध्याकाळी काठावर पाहा. बायका दिसतात त्या धुणं किंवा पूजेच्या कामाला आलेल्या. नुसती फिरणारी मुलगी दिसत नाही. तिला घरातून निघायला क्लास, दवाखाना, बाजार असं काहीतरी कारण लागतं. आणि आपली चार पोरं कट्ट्यावर बसली, की ती लगेच टवाळखोर ठरतात.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. मुंबईतल्या बायकांविषयीचं आहे. त्यांचं म्हणणं असं, की बायकांना सुरक्षित वाटावं म्हणून गरीब किंवा मुसलमान पुरुषांना हटवणं हा उपाय नाही. कारण न देता रेंगाळायचा हक्क सगळ्यांना हवा. मला हे पटतं. एकाला हाकलून दुसऱ्याला मिळालेली जागा सार्वजनिक राहत नाही.

अहमदाबादचा साबरमती रिव्हरफ्रंट देखणा आहे, पण त्यासाठी काठावरच्या हजारो कुटुंबांना उठावं लागलं. उद्या आपल्या गावांत असा रस्ता आला, तर आपण आधीच विचारायचं: मासे धरणारे, भेळवाले कुठे जाणार? दिवे, बाकं, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? व्हीलचेअर जाईल का? पूररेषेत सिमेंट ओतणार का? निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००६ मध्ये तापीने सुरत बुडवली, हे विसरू नका.

हे प्रश्न ग्रामसभेत, नगरपालिकेत विचारा. पण त्याआधी येत्या रविवारी अम्मीला, बहिणीला म्हणा, “चल, नदीवर जाऊन येऊ.” “काय काम आहे?” असं कुणी विचारलं, तर सांगा, “काहीच नाही.”