कात, करवंदं आणि डबीतलं औषध

ग्रीन टीच्या पाकिटावर 'कॅटेचिन' हे नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. शरीराची झीज रोखणारं अँटिऑक्सिडंट म्हणून ते विकलं जातं. हा पदार्थ रायगडातल्या कर्जत-खालापूरला नवा नाही. कातकऱ्यांनी खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून, अर्क आटवून जो कात पाडला, त्यातला मुख्य घटक कॅटेचिनच. पुढे इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी खैरतोडीला आवर घातला आणि काताच्या भट्टीवरचा माणूस कोळशाच्या, मग विटांच्या भट्टीवर गेला. पाकिटावर हे कोण छापणार!

आता विज्ञान पाहू. आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन पेशीत वापरला जाताना काही रेणूंकडे जोडीविना एकटा इलेक्ट्रॉन उरतो. हेच फ्री रॅडिकल. ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढतात, मग तो शेजारी पुढच्याचा ओढतो. पेशीच्या स्निग्ध आवरणात ही साखळी फार वेगानं पसरते. अँटिऑक्सिडंट आपल्याकडचा इलेक्ट्रॉन देऊन ती तोडतं आणि स्वतः मात्र फारसं बिथरत नाही. आवरणात हे काम ई जीवनसत्त्व करतं, आणि खर्ची पडलेल्या ई-ला पुन्हा कामाला लावतं सी जीवनसत्त्व. शिवाय शरीराची स्वतःची विकरं (एन्झाइम) आहेतच. सुपरऑक्साइड या फ्री रॅडिकलला निकामी करणारं विकर १९६९ साली ओळखलं गेलं.

म्हणजे फ्री रॅडिकल समूळ नष्ट करावेत का? मुळीच नाही. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात.

फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यातल्या काहींना बीटा कॅरोटीन या गाजरातल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या होत्या. १९९४ साली निष्कर्ष आले: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! गाजरात गुणकारी म्हणून गोळीतही गुणकारी, हा हिशेब फसला.

काताचंही तसंच. पानाला चुना लागला की सुपारीच्या आणि काताच्या अर्कातून उलट फ्री रॅडिकलच तयार होतात, हे १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. सुपारी तर कर्करोगकारक ठरलेलीच आहे. तेव्हा 'कातात औषध असतं' म्हणत तोबरा भरणाऱ्यांनी एवढं ऐकून घ्यावं.

मग खावं काय? उन्हाळ्यात रानात करवंदं पिकतात, पाठोपाठ जांभळं येतात. त्यांच्या काळ्या-जांभळ्या रंगातच अँथोसायनिन नावाची अँटिऑक्सिडंट आहेत, सोबत तंतू आहेत, पाणी आहे. पावसाळ्यात रानभाज्या, हिवाळ्यात आवळा. फळ खाल्लं की म्हातारपण टळतं असं मी म्हणणार नाही. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो, एवढं मात्र खात्रीनं सांगतो. तेव्हा गोळ्यांच्या डबीवर पैसे घालवण्याआधी ठाकर-कातकरी बायकांकडून पानाच्या द्रोणातली करवंदं घ्या, आणि कृपा करून त्यांच्याशी भावावरून घासाघीस करू नका.